रब्बीचा विनोदवीर होतो तेव्हा नेमकं काय होतं? (जॅकी मेसन आणि मंडळी)

पोथीवाचक

अमेरिकन विनोदवीर जॅकी मेसन २४ जुलै २०२१ ला मॅनहॅटनमध्ये वारला. त्याच्याबद्दल कुठेही वाचा, "हा आधी रब्बी (ज्यू धर्मगुरू) होता, ते सोडून विनोदाकडे आला" एवढं एक वाक्य असतं आणि पुढे लगेच ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची मोठी नाट्यगृहं. सोडलं काय आणि बरोबर नेलं काय, हा हिशोब कुणी मांडत नाही. म्हणून हा धागा.

ठळक माहिती आधीच देतो, त्यावर पानं खर्च व्हायला नकोत. जन्म विस्कॉन्सिनमधल्या शबॉयगनचा, नाव याकोव मोशे. जन्मवर्ष १९२८ धरतात. जुन्या कात्रणांत नंतरची वर्षंही सापडतात, नटांचं वय असतंच तसं. वडील रब्बी, आजोबा-पणजोबा रब्बी, तिघे भाऊ रब्बी. लहानपण न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडवर. सिटी कॉलेजची पदवी, मग पंचविशीत स्मीखा, म्हणजे धर्मशास्त्रावर निर्णय देण्याची अनुज्ञा. नॉर्थ कॅरोलिनातलं वेल्डन आणि पेन्सिल्व्हेनियातलं लॅट्रोब इथल्या मंडळ्या (एकेका प्रार्थनास्थळाचे ज्यू समाज) त्याने सांभाळल्या. वडील १९५९ मध्ये गेले आणि त्यानंतर तो उघडपणे, पूर्णवेळ विनोदाचा झाला.

माझं मत: त्याच्या विनोदाचा सांगाडा यशिव्यातला, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळेतला आहे, वर फक्त कोट बदलला. प्रश्न दोन. रब्बीच्या शिक्षणातलं नेमकं काय रंगमंचावर चालतं? आणि कुठे अडतं, का अडतं? "ज्यू लोक मुळातच विनोदी" छापाची उत्तरं नकोत.

शेवग्याची शेंग

वाचतेय. स्मीखाला परीक्षा असते का? की गुरूने डोक्यावर हात ठेवला की झालं?

तर्कटपंजरी

परीक्षा असते आणि चांगली घाम काढणारी असते. पारंपरिक अभ्यासक्रमाचा गाभा 'योरे देआ' या संहिताखंडात आहे. त्यात मुख्यतः मांस खारवणं, मांस आणि दूध यांची सरमिसळ, आणि निषिद्ध पदार्थ चुकून मिसळला तर काय.

खारवण्याचं उदाहरण घ्या. मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचं, मग तासभर मीठ लावून उतरत्या फळीवर ठेवायचं म्हणजे रक्त निथळतं, मग तीनदा धुवायचं. कत्तलीनंतर ७२ तासांत भिजवलं नाही तर रक्त आत घट्ट होतं, मग नुसतं मीठ पुरत नाही, विस्तवावर भाजावंच लागतं. काळीज (यकृत) तर खारवून चालतच नाही, रक्त फार. ते थेट जाळावर.

हे झालं पाठांतर. परीक्षक पाठांतरावर थांबत नाही. तो विचारतो: मांसाच्या रश्शात दुधासाठी वापरायचा चमचा पडला. काय करशील? लगेच "चालेल" किंवा "टाकून द्या" म्हणालात की गेलात. उलट प्रश्न विचारायला हवेत. चमचा गेल्या २४ तासांत दुधात गरम वापरला होता का? रस्सा किती? चमच्याच्या किमान साठपट आहे का (असेल तर दूध नसल्यातच जमा)? हात पोळेल इतका गरम होता का? त्यात कांदा, मुळा असं झणझणीत काही होतं का? एकेका तपशिलाने निकाल फिरतो.

पोथीवाचक, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. एक क्षुल्लक घरगुती प्रसंग धरायचा आणि "बरं, पण जर" असं म्हणत तो शेवटच्या टोकापर्यंत न्यायचा, ही सवय इथे हाडात भिनते. मेसनचा प्रसिद्ध भाग आठवा: नाटक सुटलं की ख्रिश्चन जोडपं एकमेकांना विचारतं पेय घ्यायचं का, ज्यू जोडपं विचारतं केक खायचा का. एवढाच धागा. मग तो तपासणी सुरू करतो. कुठलं टेबल, उकडतंय का, खिडकीजवळ का नाही, खुर्ची डुगडुगते का.

गंमतजंमत

म्हणजे प्रवचनात विनोद साठात एक असला तर शास्त्राप्रमाणे तो नसल्यातच जमा?

तर्कटपंजरी

@गंमतजंमत, नाही हो. चवीसाठीच घातलेला पदार्थ साठपटच काय, हजारपटीतही रद्द होत नाही. मसाल्याला हा नियम लागतो. विनोदालाही लागायला हरकत नसावी.

उंबरठा

प्रवचनाचा मुद्दा कुणी घेतला नाही अजून. तलमूदात, म्हणजे ज्यू गुरूंच्या धर्मचर्चांच्या जुन्या संग्रहात (शब्बात ३०ब), रब्बा नावाच्या गुरूची पद्धत नोंदवली आहे: धडा सुरू करण्याआधी तो शिष्यांना एक गमतीची गोष्ट सांगे, ते हसत, मग तो गांभीर्याने बसून विषयाला हात घाली. म्हणजे आधी हसवा ही युक्ती अमेरिकन नाही, बाबिलोनियातली आहे.

दुसरं, 'पतिख्ता'. मिद्राशातल्या (धर्मग्रंथावरच्या जुन्या ज्यू निरूपणांतल्या) प्रवचनांची ही बांधणी. त्या दिवशी तोरातला, म्हणजे मूळ धर्मग्रंथातला, जो भाग वाचायचा, त्याचं पहिलं वचन हे मुक्कामाचं ठिकाण. प्रवचनकार सुरुवात करतो भलत्याच ठिकाणाहून, बहुतेकदा स्तोत्रं किंवा नीतिसूत्रांतल्या एखाद्या वचनापासून. श्रोत्यांना मुक्काम माहीत असतो, वाट माहीत नसते. तो वळणं घेत घेत शेवटच्या वाक्याला बरोबर त्या वचनावर येऊन उतरतो. लोकांचं लक्ष कशात? "हा आता तिथे पोचणार कसा?"

विनोदात हेच उलटं होतं. वाट ओळखीची, मुक्काम अनपेक्षित. ज्याला एक बांधता येतं त्याला दुसरं बांधायला फार शिकावं लागत नाही.

बिघडतं कुठे तेही सांगते, कारण ते मेसनच्या बाबतीत घडलं. सुरुवातीची गंमत विषयाला सांधलेली नसेल तर लोक गंमत घरी नेतात आणि प्रवचन बाकावर ठेवून जातात. तो स्वतः सांगायचा की प्रवचनात विनोद वाढत गेले तसे ख्रिश्चनही नुसते ऐकायला यायला लागले. ऐकायला मजा वाटते, पण सभागृह भरलं ते प्रवचनासाठी नव्हे.

रोखठोक

मिद्राश, तलमूद सगळं ठीक. पण तेच शिक्षण त्याच्या तिन्ही भावांना मिळालं होतं. ते का नाही ब्रॉडवेवर पोचले? मेसनला घडवलं ते कॅटस्किलच्या हॉटेलांनी. ते वजा करून नुसता यशिवा उरवलात तर हिशोब चुकणारच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: न्यूयॉर्क शहराच्या वायव्येला दीडशे किलोमीटरच्या आसपास, सुलिव्हन आणि अल्स्टर परगण्यांत, ज्यू कुटुंबांची उन्हाळी हॉटेलं होती. ग्रॉसिंगर्स, कॉन्कॉर्ड, कुत्शर्स ही त्यातली मोठी. या पट्ट्याला बोर्श्ट बेल्ट म्हणत. तिथे 'टुमलर' नावाचा पगारी माणूस असे. काम काय? सकाळी तलावाकाठी पाहुण्यांना खेळ खेळायला लावायचे, जेवणानंतर पंगतीत फिरून थट्टा करायची, पाऊस पडला तर दिवाणखान्यात लोकांना अडवून धरायचं म्हणजे कुणी खोली सोडून घरी जायला नको. शनिवारी रात्री मोठा कार्यक्रम, त्याला शहरातून कलाकार.

या नोकरीतली अट अशी की श्रोते आठवडाभर तेच. सोमवारी सांगितलेला विनोद बुधवारी चालत नाही. शिवाय पोट तुडुंब भरलेला प्रेक्षक हा सगळ्यात वाईट प्रेक्षक, दहा सेकंदांत हसला नाही तर घोरतो. मेसन तिथे तावून निघाला. प्रवचनात कुणी उठून जात नाही, फार तर घड्याळ बघतात.

उंबरठा

@रोखठोक, कॅटस्किलमध्ये त्याच काळात शेकडो विनोदवीर तावून निघाले. त्यांच्यात हा ओळखू येतो तो कशामुळे? त्याच्या चालीमुळे. गमारा, म्हणजे तलमूदातला चर्चेचा भाग, शिकताना एक हेल असतो: प्रश्नाला सूर वर, आक्षेपाला आणखी वर, आणि "तर मग" म्हणून खाली. दोघे जोडीदार टेबलाच्या दोन बाजूंना बसून हे मोठ्याने म्हणतात, अंगठा हवेत खणल्यासारखा फिरतो. मेसनची वाक्यं कागदावर वाचा, निम्मी सपाट लागतात. ऐका, मग कळतं. सुरुवातीला धंद्यातली माणसं त्याला सांगत, हा हेल काढून टाक, फार ज्यू वाटतो. त्याने काढला नाही.

शेवग्याची शेंग

त्या हेलाची नक्कल झालीच आहे की! १९६९ ते ७१ मध्ये मुंगी आणि आर्डव्हार्क (मुंग्या खाणारा प्राणी) यांचे १७ छोटे व्यंगचित्रपट आले होते. त्यातल्या आर्डव्हार्कला जॉन बायनरने मेसनच्या ढंगाचा आवाज दिला आहे. पुष्कळांना मेसन माहीत नाही पण तो आवाज माहीत आहे.

कॅमेरा कोन

हातवाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर १८ ऑक्टोबर १९६४ सांगायला हवा. एड सुलिव्हनचा रविवारचा थेट कार्यक्रम, सीबीएस वाहिनी. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचं भाषण मधे आलं, वेळापत्रक विस्कटलं. मेसन मंचावर असताना सुलिव्हन कॅमेऱ्याबाहेरून त्याला बोटं दाखवायला लागला: दोन मिनिटं उरली, मग एक. स्टुडिओतल्या प्रेक्षकांना सुलिव्हन दिसतोय, त्यांचं लक्ष तिकडे. घरच्या प्रेक्षकांना तो दिसतच नाही.

थेट कार्यक्रमात अशा वेळी दोनच मार्ग. दुर्लक्ष करून पुढे रेटायचं, किंवा जे प्रेक्षक बघताहेत तेच विषयात ओढायचं. मेसनने दुसरा घेतला. "तुम्ही बोटं दाखवता, घ्या मग तुम्हालाही बोटं" अशा धर्तीवर त्याने हात नाचवले. सुलिव्हनची खात्री पटली की त्यातलं एक बोट अश्लील होतं. सहा कार्यक्रमांचा ४५,००० डॉलरचा करार रद्द. मेसनने अब्रुनुकसानीचा ३० लाख डॉलरचा दावा लावला. १९६६ मध्ये सुलिव्हनने त्याला परत बोलावलं आणि जाहीर माफी मागितली, पण मधल्या दोन वर्षांत धंद्यात नाव "कटकट्या" म्हणून पडलं ते बराच काळ पुसलं गेलं नाही.

तांत्रिक धडा असा की संकेत देणारा कॅमेऱ्याच्या भिंगाच्या रेषेत उभा हवा, म्हणजे कलाकाराची नजर हलत नाही. बाजूला उभा राहिला की स्टुडिओतले आणि घरचे प्रेक्षक दोन वेगळे कार्यक्रम बघायला लागतात.

गंमतजंमत

अंगठ्याने गमारा शिकवायची, बोटाने करार घालवायचा.

रोखठोक

आणि पडझड तिथे थांबली नाही. १९६९ मध्ये त्याने ब्रॉडवेवर स्वतःचं नाटक आणलं. ९७ प्रीव्ह्यू (शुभारंभाआधीचे) प्रयोग, त्या वेळचा विक्रम. अधिकृत शुभारंभ झाला आणि त्याच रात्री बंद. एक प्रयोग!

कारण समजण्यासारखं आहे. प्रीव्ह्यूला येणारे त्याचे हॉटेलवाले चाहते होते, ते हसत. पण विनोदांची माळ म्हणजे नाटक नव्हे. दुसऱ्या पात्राच्या वाक्यासाठी थांबावं लागतं, आणि एकट्याने दोन्ही बाजू लढवायची सवय असलेल्याला ते जमत नाही. डिसेंबर १९८६ मध्ये तो परत आला तेव्हा मंचावर एकटाच होता, पडदे नाहीत, पात्रं नाहीत. तो प्रयोग तुफान चालला, १९८७ चा विशेष टोनी हा नाट्यपुरस्कार मिळाला. मग १९८९ मध्ये एबीसी वाहिनीने त्याला लिन रेडग्रेव्हबरोबर मालिकेत घातलं. पुन्हा दुसरी पात्रं. दोनेक महिन्यांत गुंडाळली.

पोथीवाचक

@रोखठोक, हा तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला. एकटा माणूस, उभा, समोर मंडळी, पाऊण-एक तास बोलणं, मधे कुणी उत्तर द्यायचं नाही. दुसरं काय असतं व्यासपीठ?

रोखठोक

कीर्तनही असतं. त्याला रब्बी लागत नाही.

अलिबागकर

कीर्तनाचं नाव निघालं म्हणून हे सांगतो, अवांतर वाटलं तर सोडून द्या. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलींनी, म्हणजे इथल्या ज्यूंनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खरोखरच मराठी कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, मराठी पद्यात, कीर्तनाच्याच चालींवर. या समाजात परंपरेने रब्बी नव्हते. प्रार्थना चालवायला हजान, तंटे सोडवायला काजी. लोकांना बायबलमधल्या कथा समजतील अशा सांगायच्या तर हातात तयार असलेला साचा कीर्तनाचा, तो त्यांनी उचलला.

आता फरक बघा. आपल्याकडे कीर्तनकार स्वतःच निरूपणही करतो आणि हसवतोही, एकाच उभ्याने. पूर्व युरोपातल्या ज्यूंनी ही कामं दोन माणसांत वाटून टाकली होती. रब्बी वेगळा आणि लग्नात हसवणारा बदखन वेगळा. मेसनबद्दल आश्चर्य वाटतं ते या वाटणीमुळे. आपल्या माणसाला त्यात विशेष काही वाटणार नाही.

शेवग्याची शेंग

@अलिबागकर, अवांतर कसलं, हेच तर हवं होतं. बदखनाबद्दल कुणी लिहील का?

मांडवपरतणी

लिहिते. बदखन म्हणजे लग्नातला यमकबाज. आजही हसिदी (कर्मठ ज्यू पंथाच्या) लग्नांत असतो, ब्रुकलिनमध्ये जोरात.

जुन्या पद्धतीत त्याची दोन कामं, आणि पहिलं हसवायचं नसून रडवायचं. विवाहमंडपात नेण्याआधी वधूला खुर्चीवर बसवतात, बायका भोवती. बदखन ठरलेल्या रडव्या चालीत यमकं म्हणतो: आजपासून बालपण संपलं, आजी असती तर आज इथे असती. सगळ्या बायका रडल्या पाहिजेत, नाहीतर पैसे वाया. जेवणावळीत तोच माणूस उलटा फिरतो, आहेर जाहीर करताना देणाऱ्याची टोपी उडवतो.

आताचा मुख्य प्रसंग मध्यरात्रीनंतरचा 'मित्स्वा तान्त्स'. वधू उभी, तिच्या हातात लांब कमरपट्ट्याचं एक टोक. बदखन एकेका नातेवाइकाला यमकांत पुकारतो, तो दुसरं टोक धरून थोडं नाचतो. आजोबा, मामा, काका, शेवटाकडे वडील, सगळ्यात शेवटी नवरा. रात्रीचे दोन-तीन सहज वाजतात.

तयारी कशी करायची? लग्नाच्या आधी दोन्ही घरांकडून यादी घ्यायची: प्रत्येकाचं पूर्ण नाव, कुणाचा मुलगा, कुठल्या घराण्यातला, पोटापाण्याला काय करतो, आणि कोण हयात नाही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण वारलेल्या आजोबांचा उल्लेख आला की सभागृह शांत होतं आणि तो उल्लेख राहिला तर घराणं नाराज. यमकं आधी अर्धी बांधून ठेवायची, दुसरी ओळ मोकळी सोडायची. संध्याकाळभर जे घडेल ते तिथे बसवायचं.

चुकतं कुठे? पुकारण्याच्या क्रमात. धाकट्या चुलत्याला थोरल्याआधी बोलावलंत की पुढची दहा वर्षं तीच गोष्ट. दुसरं, थट्टा पैशांवर किंवा पोटावर चालते, घरातल्या भांडणावर चालत नाही. बदखन घरातलं सगळं जाणतो, म्हणूनच त्याने काय गाळलं यावर त्याची किंमत ठरते.

विल्नाचा एल्याकुम झुन्झर हा यातला मोठा माणूस, पुढे न्यूयॉर्कला आला, १९१३ मध्ये वारला. त्याच्या लग्नगीतांची छापील पुस्तकं लोक लग्नाशिवायही विकत घेत.

तर्कटपंजरी

मांडवपरतणीतै, सुंदर. तलमूदाचं त्याला प्रशस्तिपत्रही आहे. तानीत २२अ: रब्बी बरोका बाजारात एलिया संदेष्ट्याला विचारतो, इथे परलोकाचा वाटेकरी कोण? एलिया दोघा भावांकडे बोट दाखवतो. धंदा काय विचारल्यावर ते म्हणतात, आम्ही हसवणारे; कुणी खिन्न दिसला तर त्याला हसवतो, दोघे भांडताना दिसले तर समेट होईपर्यंत राबतो.

खडा सवाल

प्रशस्तिपत्र दाखवता तर दुसरी बाजूही दाखवा. स्तोत्रसंहितेचं पहिलंच वचन थट्टेखोरांच्या बैठकीत बसू नका सांगतं. तलमूदातच अवोदा झारा १८ब मध्ये विदूषकांच्या खेळांना जायची मनाई आहे. बावा मत्सिया ५८ब म्हणतं चारचौघांत एखाद्याचा चेहरा पांढरा पाडणं म्हणजे रक्त सांडणं. मेसनचं अर्धं पोट अमुक जमात अशी, तमुक जमात तशी यावर भरलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या निवडणुकीत तो उमेदवार जुलियानींच्या बाजूने उतरला आणि प्रतिस्पर्धी डेव्हिड डिंकिन्स यांच्याबद्दल वंशवाचक शब्द वापरून बसला. प्रचारातून बाहेर पडावं लागलं. हे कुठल्या स्मीखात बसतं?

उंबरठा

@खडा सवाल, कुठल्याच नाही, आणि त्याचं समर्थन इथे कुणी करू नये. पण कारागिरीच्या नजरेने बघितलं तर चूक मांडवपरतणीने सांगितली तीच आहे. बदखनाला मांडवातली माणसं माहीत असतात आणि उद्या परत तोंड दाखवायचं असतं. मेसनने तीच भाषा परक्या सभागृहात, छापायला बसलेल्या पत्रकारांपुढे वापरली. ज्यूंनी ज्यूंवर केलेली थट्टा आणि शेजारच्या जमातीवर केलेली थट्टा यांचे नियम एक नसतात, हे त्याने मानलंच नाही.

कॅमेरा कोन

इथे दुसऱ्या दोघांची नावं घ्यायला हवीत, नाहीतर रब्बी-विनोदवीर म्हणजे फक्त मेसन असा समज होईल.

लायनेल ब्लू (१९३०–२०१६), लंडनच्या ईस्ट एंडचा, सुधारक पंथाचा रब्बी, आपण समलिंगी असल्याचं उघड सांगणारा ब्रिटनमधला पहिला रब्बी. बीबीसी रेडिओ ४ वर सकाळी पावणेआठच्या सुमाराला एक छोटं चिंतन असतं, पावणेतीन मिनिटांचं, थेट. म्हणजे सावकाश बोललात तर साडेचारशे-पाचशे शब्द. ऐकणारा दात घासतोय किंवा गाडी चालवतोय. ब्लूने त्यात स्वतःचा साचा केला: एखादी खाजगी फजिती, एक वाक्य देवाबद्दल, आणि शेवट सरळ विनोदावर. विनोद शेवटी ठेवायचं कारण व्यवहारी आहे. लगेच बातम्यांचा कार्यक्रम पुढे सुरू होतो, मधे टाकलेल्या विनोदावर हसायला ऐकणाऱ्याला जागा मिळत नाही. रब्बाच्या पद्धतीच्या बरोबर उलट, कारण रब्बाला पुढे अख्खा धडा मिळायचा.

दुसरा अमेरिकेतला बॉब आल्पर. बफेलो आणि फिलाडेल्फियात मंडळ्या सांभाळल्या, १९८६ मध्ये फिलाडेल्फियातल्या ज्यू विनोदवीरांच्या स्पर्धेत तिसरा आला, मग हेच मुख्य काम झालं. मुस्लिम विनोदवीरांबरोबर त्याने एकत्र दौरे केले. त्याची अट: साहित्य स्वच्छ, कुणाच्या धर्मावर नाही. आणि तो मोठ्या सणांच्या प्रार्थना चालवत राहिला, म्हणजे "सोडून" गेलेला नाही.

शेवग्याची शेंग

सिम्पसन्स या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेचा भाग कुणीच कसा आणला नाही! २४ ऑक्टोबर १९९१. क्रस्टी विदूषकाचे वडील रब्बी, मुलगा विदूषक झाला म्हणून त्याचं तोंड बघत नाहीत. वडिलांचा आवाज मेसनचा, त्याला १९९२ चा एमी हा टीव्ही पुरस्कार मिळाला. मूळ साचा १९२७ च्या पहिल्या बोलपटाचा, तिथे प्रार्थनागायकाचा मुलगा जॅझ गातो.

मला त्यातला वाद आवडतो. मालिकेतला मुलगा बार्ट एकामागून एक तलमूदी वचनं घेऊन जातो, म्हातारा प्रत्येकाला दुसऱ्या वचनाने उडवतो. शेवटी तो हरतो ते सॅमी डेव्हिस ज्युनिअरच्या शब्दांपुढे, म्हणजे ज्यू धर्म स्वीकारलेल्या एका नट-गायकापुढे. खऱ्या रब्बींचा सल्ला घेऊन तो भाग लिहिला होता, ते जाणवतं.

गंमतजंमत

आणि प्रत्यक्षात जो मुलगा होता त्यालाच बापाचा आवाज द्यायला बोलावलं. पात्रनिवड करणाऱ्याला साष्टांग.

पोथीवाचक

चर्चा रंगली. माझा दुसरा प्रश्न मात्र अर्धाच सुटला: अडतं कुठे? शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) पाळणाऱ्या रब्बीला पूर्णवेळ रंगमंच करायचा असेल तर वेळापत्रक बसतं का? आणि काम सोडल्यावर स्मीखा जाते का?

तर्कटपंजरी

दुसऱ्याचं आधी. स्मीखा व्यक्तीला मिळते, जागेला नाही. मंडळीची नोकरी सोडली म्हणून ती रद्द होत नाही. कुणी निर्णय विचारायला यायचं थांबतं एवढंच.

वेळापत्रकाचा हिशोब सरळ आहे. ब्रॉडवेचा नेहमीचा आठवडा आठ प्रयोगांचा: मंगळ ते शनि रोज रात्री, शिवाय बुध, शनि, रवि दुपारी. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताआधी लागतो आणि शनिवारी तारे दिसल्यावर सुटतो. शुक्रवार रात्र गेली, शनिवार दुपार गेली. शनिवार रात्र ऋतूवर अवलंबून. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबरात साडेपाचच्या आत सुटतो, आठचा प्रयोग आरामात. जूनअखेर सूर्यास्तच साडेआठला, सुटायला सव्वानऊ ते पावणेदहा. म्हणजे उन्हाळ्यात पाचच प्रयोग उरतात आणि थिएटरचं भाडं आठांचं.

रोखठोक

फिरवून बसवता येतं. सोम ते गुरु रात्री चार, बुधवार दुपार एक, रविवारी दुपार-रात्र दोन. सात झाले. हिवाळ्यात शनिवार रात्र धरून आठ पुरे, सुटीचा वार शुक्रवार. तिकीटखिडकीला मात्र शुक्रवार-शनिवारची गर्दी सोमवारी मिळत नाही, तिथे निर्मात्याचा चेहरा पडतो.

मांडवपरतणी

सण विसरलात. इस्राएलबाहेर काम बंद असलेले दिवस वर्षात तेरा: रोश हशाना दोन, योम किप्पुर एक, सुकोतच्या सुरुवातीचे दोन आणि शेवटचे दोन, पेसाहचे तसेच चार, शावुओत दोन. त्यातले पहिले सात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तीन-साडेतीन आठवड्यांत येतात, म्हणजे ऐन नव्या हंगामाच्या तोंडावर. शुभारंभ सुकोत उलटल्यावरच ठेवायचा. शिवाय आई किंवा वडील वारले तर बारा महिने समारंभ आणि करमणुकीपासून लांब राहायचं असतं. पोटापाण्याचं कारण असेल तर सवलत मिळते, ती आपल्या रब्बीला विचारून घ्यायची.

गंमतजंमत

आणि आपणच रब्बी असलो तर?

तर्कटपंजरी

तर दुसऱ्याला विचारायचं. आणि तो नाही म्हणाला तर तिसऱ्याकडे जायचं नाही, तशी मनाई आहे.